मान वळत नव्हती तेव्हा

अर्धापूरला एका बारशाला जाऊन आम्ही तिघी नांदेडकडं परतत होतो. गाडी नणंद चालवत होती, मी तिच्या शेजारी आणि मागच्या सीटवर सासूबाई. दुपार कलली होती. दोन्ही अंगांना केळीच्या बागा. समोर मेंढरांचा कळप रस्ता ओलांडायला लागला तशी नणंदेनं गाडीचा वेग हळूहळू कमी केला आणि कळपापासून चांगलं अंतर ठेवून गाडी थांबवली. तिनं गाडी नीट थांबवली होती, हे मी मुद्दाम सांगते, कारण पुढं यावरून घरात बरंच बोललं गेलं.

सासूबाईंनी पाणी मागितलं. मी बाटलीचं झाकण काढलं आणि पट्टा न सोडता, नुसती मान अन् एक खांदा मागं वळवून बाटली त्यांच्याकडं करत होते. तेवढ्यात मागून दणका बसला.

केळीचे घड भरलेला छोटा टेम्पो होता. ब्रेक त्यानंही दाबले असणार, कारण धडक फार मोठी नव्हती. पण गाडी हातभर पुढं सरकली, माझं डोकं आधी मागं आणि मग पुढं असं झटक्यानं गेलं, आणि बाटलीतलं सगळं पाणी सासूबाईंच्या मांडीवर सांडलं. टेम्पोतले दोन-तीन घड रस्त्यावर येऊन पडले. मेंढरं थांबली, केळ्यांकडं वळली, आणि मेंढपाळ ओरडत त्यांच्यामागं धावला.

टेम्पोवाला खाली उतरला तोच हात जोडत. पंचविशीचा असेल. रस्त्यावर पडलेल्या घडांकडं त्यानं बघितलंही नाही.

"डोळे कुठं ठिवले व्हते रे?" सासूबाई ओल्या लुगड्यानिशी खाली उतरून त्याच्यावर तुटून पडल्या. "एवढी मोठी गाडी दिसंना तुला?"

"चुकलं मावशी. मेंढरं बघून राहिलो व्हतो. कुणाला लागलं का?"

सासूबाईंनी माझ्याकडं बघितलं, मी नणंदेकडं बघितलं, नणंदेनं स्वतःच्या हातापायांकडं बघितलं. कुणालाच काही लागलं नव्हतं. गाडीचा मागचा बंपर चेपला होता, एक दिवा तडकला होता, एवढंच. मग सासूबाईंनी त्याला झाडाखाली बसवलं, पिशवीतली दुसरी बाटली काढून त्याला पाणी पाजलं, आणि तो सावरल्यावर पुन्हा रागावल्या. नांदेडच्या तरोडा नाक्यापर्यंत त्या देवाचं नाव घेत होत्या. मीही मनात घेत होते.

घरी आलो तेव्हा थोरले दीर अंगणातच होते. आमचं घर आणि त्यांचं घर एकाच अंगणात आहे. त्यांनी गाडीच्या मागं एक फेरी मारली, चेपलेल्या पत्र्यावर बोट फिरवलं आणि म्हणाले, "मी म्हणलो व्हतो का न्हाई? बायकांच्या हातात गाडी दिली की असंच होतं."

"भाऊजी, गाडी थांबलेली होती. मागून आला तो," मी म्हणाले.

"तेच म्हणून राहिलो. रस्त्यात कशाला थांबायचं?"

नणंदेनं गाडीची किल्ली दाराजवळच्या खिळ्याला अडकवली आणि आत गेली.

माझी ही नणंद लग्न मोडून परत माहेरी आली होती. आली तेव्हा महिनोन्‌महिने ती कुणाशी धड बोलत नव्हती. मग अंगणवाडीची पर्यवेक्षिका म्हणून तिला नोकरी लागली. अर्धापूर तालुक्यातली खेडी तिच्याकडं आली. एकीकडून दुसरीकडं जायला बस मिळायची नाही, मिळाली तर परतीची मिळायची नाही. तेव्हा माझ्या नवऱ्यानं आमची जुनी गाडी तिला वापरायला दिली आणि ती हट्टानं चालवायला शिकली. पहिल्यांदा एकटीनं खेड्यावर जाऊन आली त्या संध्याकाळी तिनं सगळ्यांसाठी भजी तळली. कितीतरी दिवसांनी स्वयंपाकघरातून तिचं गाणं ऐकू आलं होतं. गाडीनं तिला काय दिलं होतं हे घरात मला जेवढं ठाऊक होतं, तेवढं दुसऱ्या कुणाला असेल असं वाटत नाही.

त्या रात्री मला काहीच झालं नाही. खांद्यात जरा जडपणा होता, तो बारशातल्या धावपळीचा समजून मी झोपले. सकाळी उठायला गेले तर डोकं उशीवरून उचलेना. म्हणजे मी उठत होते आणि डोकं मागंच राहत होतं. शेवटी कुशीवर होऊन, एका हातानं डोक्याला आधार देत मी बसती झाले. मानेच्या मागचा भाग लाकडासारखा ताठ झाला होता. डावीकडं थोडी वळत होती, उजवीकडं अजिबात नाही.

"काय झालं?" नवऱ्यानं विचारलं.

"उशी बदलली ना, म्हणून अवघडली," मी म्हणाले.

दाराजवळ खिळ्याला किल्ली लटकत होती आणि नणंद बसनं जायला निघाली होती. माझी मान धरली असं मी त्या सकाळी बोलले असते, तर ती किल्ली तिथून पुन्हा निघाली नसती. दिरांना तेवढंच निमित्त हवं होतं. आणि खरं तर नणंदेला स्वतःलाच हवं असावं. तिच्या चेहऱ्यावर ते दिसत होतं. मी बाम चोळला, पदर मानेभोवती घेतला आणि कामावर गेले.

मी एका महाविद्यालयात ग्रंथपाल आहे. कपाटात उभ्या लावलेल्या पुस्तकांची नावं पाठीवर आडवी छापलेली असतात, ती वाचायला मान कलती करावी लागते. काही प्रकाशक नाव वरून खाली छापतात, काही खालून वर, म्हणून एकदा या खांद्याकडं, एकदा त्या खांद्याकडं. इतकी वर्षं हे करताना आपल्याला मान आहे हे माझ्या ध्यानातही आलं नव्हतं. आता मी पुस्तक बाहेर ओढायची, मुखपृष्ठ बघायची, परत ठेवायची. वरच्या खणातलं काही मागितलं की मी ते मागणाऱ्यालाच काढून घ्यायला सांगायची, कारण वर बघितलं की कपाट हळूच एका बाजूला सरकल्यासारखं वाटायचं.

हळूहळू एकेक गोष्ट वाढत गेली. डोकं मागच्या बाजूनं ठणकायला लागायचं आणि ती कळ वर चढत डोळ्यांमागं येऊन बसायची. मी म्हणाले, चष्म्याचा नंबर वाढला असेल. भाकरी चावताना जबडा दुखायचा. म्हणाले, दाढ किडली असेल. उजव्या हाताच्या करंगळीला आणि शेजारच्या बोटाला मुंग्या यायच्या. तो कॉम्प्युटरचा दोष. झोप लागायची नाही, लागली तर कूस बदलताना कळ येऊन मोडायची. चिडचिड तर अशी की एका विद्यार्थिनीनं पुस्तक एक दिवस उशिरा आणलं म्हणून मी तिला सगळ्यांसमोर बोलले, आणि ती गेल्यावर मलाच रडू आलं. सगळ्यात भीती वाटली ती एका दुपारी, जेव्हा मला 'अनुक्रमणिका' हा शब्द आठवेना. समोर पुस्तक उघडं, समोर तेच पान, आणि शब्द नाही. वयाला दोष दिला. पाळी जायचे दिवस जवळ आले होते, त्याला दिला. प्रत्येक दुखण्याला मी वेगळं कारण शोधून दिलं. ही सगळी एकाच घरची माणसं असतील, हे मनात आलंच नाही, कारण मला लागलं नव्हतं हे मी स्वतःच सगळ्यांना सांगून बसले होते.

सासूबाईंच्या लक्षात आलं.

त्यांना मी आत्या म्हणते. आमच्याकडं सासूला तसंच म्हणतात. त्यांचं माहेर उदगीरकडचं, शेतीवाडीचं. एक दिवस मी ओट्यापाशी पीठ मळत होते आणि त्यांनी मागून हाक मारली. मी वळले. थोड्या वेळानं पुन्हा हाक मारली, मी पुन्हा वळले. तिसऱ्यांदा हाक आली तेव्हा मी जरा वैतागूनच म्हणाले, "काय आत्या?"

"काय न्हाई. बघून राहिले मी."

"काय बघताय?"

"तुझी मान वळत न्हाई. अख्खं आंग वळवून राहिलीस. जू घासून बैलाचा खांदा आला की बैल असा वळतो." त्या उठून जवळ आल्या आणि त्यांनी माझ्या मानेवर हात ठेवला. नुसता ठेवला, तरी मी कळवळले. "कधीपासून हाय हे?"

मला खोटं बोलता आलं नाही. पीठ भरलेले हात तसेच धरून मी म्हणाले, "बारशाहून आलो त्याच्या दुसऱ्या दिवसापासून."

"अन् बोलली न्हाईस?"

"आत्या, कुणाला सांगू नका. तिचं गाडी चालवणं बंद पडंल."

मला वाटलं, रागावतील. त्यांनी परात माझ्यासमोरून ओढून घेतली आणि स्वतः पीठ मळायला लागल्या. मळता मळता म्हणाल्या, "तिच्या गाडीचं मी बघते. तू आधी डाक्टरकडं चल."

त्यांनी आणखी एक गोष्ट केली, त्याबद्दल त्यांचे आभार मी अजून पुरते मानलेले नाहीत. डॉक्टरची वेळ घेतली तशी अंगणात बातमी फुटली आणि जो तो उपाय सांगायला लागला. दिरांच्या ओळखीचा एक माणूस होता, तो म्हणे हनुवटी धरून एक हिसका द्यायचा आणि मान मोकळी. शेजारच्या काकू गरम विटेचा शेक घ्या म्हणाल्या. नवऱ्यानं मोबाइलवर मान कडाकडा मोडल्याचे व्हिडिओ बघितले आणि तोही जरा भारावला. मला इतकं दुखत होतं की हिसका द्यायला मी एका संध्याकाळी तयार झाले होते. चपला घातल्या होत्या. आत्या दारात उभ्या राहिल्या.

"आत काय तुटलंय का ते बघितल्याबिगर माझ्या सुनंच्या मानेला कुणी हात लावायचा न्हाई," त्या म्हणाल्या. थोरल्या मुलाकडं बघून म्हणाल्या.

नांदेडच्या आमच्या डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "धक्का बसला तेव्हा तुमची मान कुठं होती?"

हा प्रश्न मला तोपर्यंत कुणी विचारला नव्हता, मी स्वतःलाही नाही. मी खुर्चीत बसल्या बसल्या बाटली मागं देण्याची हालचाल करून दाखवायला गेले आणि अर्ध्यातच थांबले.

"हं," ते म्हणाले. "वळलेली मान आणि त्यात झटका. याला व्हिपलॅश म्हणतात. चाबूक उडवल्यावर त्याचं टोक कसं जातं, तशी मान जाते. हाड मोडलेलं नसतं बऱ्याचदा, पण आतले स्नायू, बारीक सांधे दुखावतात. आणि त्या दिवशी काही कळत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सुरू होतं." मग त्यांनी मुंग्यांबद्दल विचारलं, हाताची ताकद बघितली, माझ्या चालण्याकडं बघितलं. एक्स-रे काढायला लावला, आणि मुंग्या होत्या म्हणून एमआरआयही. "इतके दिवस अंगावर काढायला नको होतं," एवढंच ते बोलले, तेही हळू.

एमआरआयच्या त्या नळकांड्यात पडल्या पडल्या आत काही तुटलं असेल याची मला पहिल्यांदा भीती वाटली. रिपोर्ट आला तेव्हा नवऱ्यानं तो वाचायला घेतला आणि पहिल्याच ओळीला अडखळला. डॉक्टरांनी तो काढून घेतला, बघितला आणि हसले. हाड शाबूत होतं. मणक्यातली शीर दाबली गेली नव्हती, नुसती चिडली होती. औषधं, थोडे दिवस आराम, मग हालचाल. नवरा बाहेर येऊन पायरीवर बसला आणि म्हणाला, "मी नुसतं बाम लाव म्हणत राहिलो गं." मी त्याच्या शेजारी बसले. त्याच्याकडं वळता येत नव्हतं, म्हणून दोघं समोरच्या रस्त्याकडं बघत बसलो.

औषधांनी ठणका कमी झाला, पण मान तशीच ताठ. माझी थोरली बहीण लातूरला असते. तिनं फोनवर सांगितलं की तिच्या गल्लीच्या पुढं एक कायरोप्रॅक्टर बाई आहेत, हातानं मणक्याचे आणि मानेचे उपचार करतात, तिच्या कंबरेला चांगला गुण आला. मी डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, "जायला हरकत नाही. पण हे सगळे रिपोर्ट घेऊन जा. आणि रिपोर्ट न बघता, पहिल्याच दिवशी कुणी मान मोडायला लागलं, तर उठून या."

आता लातूरला जायचं कसं, यावर घरात विचार सुरू झाला. बसमध्ये धक्के बसणार. नवरा शाळेत शिकवतो, त्याला रविवारीही परीक्षेचे पेपर तपासायचे होते. दीर म्हणाले, एखादा ड्रायव्हर बघतो. आत्या जेवत होत्या. त्यांनी घास खाली ठेवला आणि लेकीकडं बघितलं.

"तू घेऊन जा वहिनीला."

नणंदेनं ताट बाजूला सारलं. त्या दिवसापासून तिनं गाडीला हात लावला नव्हता, हे सगळ्यांना माहीत होतं. "आई, नको. मला न्हाई जमायचं. माझ्यामुळंच झालंय हे."

"तुझ्यामुळं झालं न्हाई," मी म्हणाले. "तू गाडी थांबवली नसतीस तर मेंढरं चिरडली असती. मला दुसऱ्या कुणाच्या गाडीत भीती वाटंल. तुझ्या गाडीत न्हाई वाटत."

हे पूर्ण खरं नव्हतं. मला सगळ्याच गाड्यांची भीती वाटत होती. पण बोलल्यावर ते थोडंफार खरं झालं.

रविवारी सकाळी आम्ही तिघी निघालो. आत्या पुन्हा मागंच बसल्या, या खेपेला पाण्याची बाटली स्वतःच्या मांडीवर घेऊन. नणंदेनं गाडी इतकी सावकाश चालवली की लोह्याच्या अलीकडं उसाच्या ट्रॅक्टरनं आम्हाला मागं टाकलं. प्रत्येक गतिरोधकाआधी ती सांगायची, "वहिनी, आलं बघा," आणि मी दोन्ही हात मानेमागं धरायची. आरशात मागून येणारी गाडी मोठी दिसायला लागली की आम्ही दोघी श्वास धरायचो. ती पुढं निघून गेली की सोडायचो. अहमदपूरला बसस्टँडसमोर चहा घेतला. नणंदेनं कप धरला तेव्हा मला दिसलं, स्टिअरिंग आवळून तिचे तळवे लाल झाले होते.

"गाडी थांबली तवा मी आरशात बघितलंच न्हाई वहिनी," ती अचानक म्हणाली. "समोर मेंढरंच बघत बसले."

"बघितलं असतं तर काय केलं असतंस?"

तिनं विचार केला. "काय करणार व्हते. पुढं मेंढरं व्हती."

"मग झालं तर."

ती हसली. चाकूर गेल्यावर तिनं गाडी चौथ्या गिअरात टाकली.

लातूरचं ते क्लिनिक एका दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर, दोन खोल्यांचं. बाहेरच्या खोलीत आमच्याशिवाय सगळी कॉलेजची पोरंपोरी होती. डॉक्टरकीच्या प्रवेश परीक्षेची तयारी करणारी, दिवसभर पुस्तकात वाकून माना आखडलेली. बाई पस्तिशीच्या असतील, निलंग्याकडच्या, बोलण्यात किंचित कानडी हेल. त्यांनी आधी रिपोर्ट मागितले. एमआरआयच्या फिल्म एकेक करून उजेडात धरून बघितल्या. मग मला खुर्चीत बसवून त्या समोर बसल्या आणि विचारायला लागल्या.

"डोकं मागून दुखायला सुरू होतं?"

"हो."

"चावताना जबडा?"

"हो."

"वर बघितलं की गरगरतं? बारीक गोष्टीवरून चिडचिड होते? कधी कधी साधा शब्द आठवत नाही?"

मी हो म्हणायच्या ऐवजी मान हलवायला गेले आणि कळ आली. त्यांनी पाण्याचा पेला पुढं केला. "हे सगळं एकाच धक्क्याचं आहे," त्या म्हणाल्या. "तुम्हाला पाच आजार झालेले नाहीत. आणि यातलं बरंचसं जातं. वेळ घेतं, पण जातं."

मी रडले. भीतीनं नाही. इतके दिवस मी स्वतःच्या नकळत एकेक म्हातारपण, एकेक कमीपणा स्वतःच्या खाती मांडत आले होते, ते कुणीतरी समोर बसून पुसून टाकलं म्हणून रडले.

आत्या खोलीतून बाहेर जायला तयार नव्हत्या. कोपऱ्यात स्टुलावर बसून त्या बघत राहिल्या. बाईंनी मला उताणं झोपवलं, दोन्ही तळहातांवर माझं डोकं तोललं आणि नुसतं धरून ठेवलं. किती वेळ कुणास ठाऊक. स्वतःचं डोकं किती जड असतं ते मला तेव्हा कळलं. ते ओझं दुसऱ्या कुणीतरी घेतलं होतं. मग बोटांनी मानेच्या दोन्ही बाजूंना हळूहळू दाब, पाठीच्या वरच्या भागावर हात, खांद्यांना ताण. बस्स.

"आवाज येईना की?" आत्यांनी विचारलं. त्यांनीही ते व्हिडिओ बघितले होते.

बाई हसल्या. "आजी, आवाजाचं काय करायचंय? सध्या ही मान सुजलेली आहे. तिला धाक दाखवायचा नाही, विश्वास द्यायचा."

आत्यांना ते पटलं. बाहेर आल्यावर त्यांनी ते वाक्य दोन वेळा म्हणून बघितलं.

बाईंनी व्यायाम शिकवले. हनुवटी मागं ओढायची, खांदे फिरवायचे, टॉवेलची गुंडाळी मानेखाली घ्यायची, मान दुखते म्हणून तिला एका जागी बांधून ठेवायचं नाही. हाताची ताकद कमी झाली, चालताना तोल गेला किंवा मुंग्या वाढल्या तर त्यांच्याकडं न येता सरळ डॉक्टरकडं जायचं, हे त्यांनी मला आणि नणंदेला दोघींनाही बजावलं. "मी थोडी मदत करते," त्या म्हणाल्या, "बाकी तुम्हालाच करायचंय."

त्यानंतर दर रविवारी आम्ही लातूरला जात राहिलो. बरं होणं सरळ रेषेत झालं नाही. एका आठवड्यात मी उजवीकडं खिडकीबाहेर बघू शकले आणि तिघींनी गाडीत टाळ्या वाजवल्या. पुढच्याच आठवड्यात नव्या पुस्तकांचा गठ्ठा उचलला आणि पुन्हा पहिल्यासारखी आडवी झाले. त्या खेपेला मी फार खचले होते. मला वाटलं, आता हे असंच राहणार. बहिणीनं लातूरला ठेवून घेतलं, भाकरीचा काला करून वाटीत दिला, जबडा दुखू नये म्हणून. तिच्याकडं मी लहान होऊन पडून राहिले. ती माझ्या केसांना तेल लावायची, मानेला हात न लावता, जणू मान काचेची आहे. आमच्या दोघींची लग्नं झाल्यापासून आम्ही इतके दिवस एका घरात राहिलोच नव्हतो. दुखण्यानं मला ते दिवस दिले, हेही खरं.

आणि घरची नणंद. ती सकाळी माझ्याबरोबर व्यायामाला उभी राहायची, मी चुकवू नये म्हणून. आत्याही राहायच्या. तिघी अंगणात ओळीनं उभ्या राहून हनुवट्या मागं ओढतोय, हे दृश्य दिरांना रोज बघावं लागायचं. एक दिवस ते म्हणाले, "ते खांद्याचं कसं करायचं असतं?" त्यांचाही खांदा कितीतरी दिवस धरला होता. मी त्यांना दाखवलं. ते पाठ करून उभे राहिले आणि खांदे फिरवायला लागले. फिरवता फिरवता, कुणाकडंच न बघता म्हणाले, "ही गाडी चांगली चालवून राहिली म्हणं आता. लातूरपतुर."

नणंदेनं ऐकलं. सोमवारी ती खेड्यावर जाताना गाडी घेऊन गेली.

माझी मान पूर्ण पूर्वीसारखी झाली का? थंडीच्या सकाळी अजून कुरकुरते. लांबचा प्रवास झाला की टॉवेलची गुंडाळी लागते. पण शब्द परत आले, झोप परत आली, करंगळीतल्या मुंग्या गेल्या. त्या विद्यार्थिनीला बोलावून मी तिच्याशी नीट बोलले, तिला हवं असलेलं पुस्तक वरच्या खणातून माझ्या हातानं काढून दिलं. ग्रंथालयात कुणी सहज म्हणालं, गाडीला जरासा धक्का बसला पण लागलं नाही, तर मी त्यांना बसवून विचारते, दुसऱ्या दिवशी उठताना कसं वाटलं? लोक हसतात. हसू देत.

शेवटच्या खेपेला बाईंनी माझी मान दोन्हीकडं वळवून बघितली आणि म्हणाल्या, आता दर आठवड्याला यायची गरज नाही. काही वाटलं तर या. मी उठले. आत्यांनी पिशवीतून खण, नारळ आणि मूठभर तांदूळ काढले. घरून निघतानाच घेऊन आल्या होत्या, आम्हाला न सांगता.

मग त्या थबकल्या. सासरे जाऊन बरीच वर्षं झाली आहेत, आणि त्या वर्षांत त्यांनी कुणाची ओटी भरलेली मी बघितली नव्हती. घरात वेळ आली की त्या खण माझ्या हातात द्यायच्या. त्या दिवशीही त्यांचा हात माझ्याकडं आला, आणि अर्ध्यावर थांबला.

"माझ्या हातानं चालंल का तुम्हाला?" त्यांनी बाईंना विचारलं.

बाईंना आधी कळलं नाही. कळलं तेव्हा त्या पटकन उठून उभ्या राहिल्या. "चालेल की आजी. तुमच्याच हातानं भरा."

पंजाबी ड्रेसवर पांढरा कोट घातलेला, त्यांना पदर कुठला? त्यांनी कोटाचे दोन्ही कोपरे धरून झोळी केली. आत्यांनी तिच्यात नारळ ठेवला, खण ठेवला, तांदूळ घातले. बाहेरच्या खोलीतली पोरंपोरी आखडलेल्या माना उंचावून दारातून बघत होती. बाईंनी ओटी सांभाळत वाकून आत्यांना नमस्कार केला, आणि आत्यांनी त्यांच्या डोक्यावर हात ठेवला तो बराच वेळ काढला नाही.